सुटलेली गाठोडी

घरात काहीही होवो, फौजीले सांगायचं नाही, असा कायदा माह्या सासूनं केला होता. फौजी म्हंजे माहे मालक, धीरज. गल्लीत त्यायले नावानं कोणी बोलावत नाही, लहानमोठे सगळे फौजीच म्हणतात, अन् खरं सांगू का, मीही मनात फौजीच म्हणते. सासरे घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, तवा फोनवर सांगितलं, "वावरात गेले." माणूस खाटेवर पडून, अन् फोनवर रोज वावरात! वादळात मांगच्या खोलीची टिनं उडाली, तवा सांगितलं, "हवा मस्त सुटली हाय." तिकडं बर्फात माणूस बंदूक घेऊन उभा, त्याच्या डोक्याले घोर कायले लावायचा, हे सासूचं म्हणणं. सासरे गेले तेवढं मात्र सांगावंच लागलं, ते काही लपवता येत नव्हतं.

तिकडून आवाज ये, "सब ठीक?" इकडून मी म्हणो, "सब ठीक." एवढ्यावर आमचा संसार चालला. वर्षातून एकदा सुट्टी. सुट्टीत पुरणपोळी, पाव्हणे, नवस फेडणं, सोयऱ्यायच्या घरी चक्कर, अन् लगेच बॅग भरा. भांडाले टाईमच नव्हता हो! पोरगी निकिता वाशीमले होस्टेलात राहून बारावी करून राह्यली, एवढी मोठी झाली ती, पण आमचं नवराबायकोचं एकही भांडण झालं नव्हतं. बाया म्हणत, "सुचिता, नशीब काढलं वं तू." मी म्हणो, "होय तं."

मंग यंदा श्रावणात फौजी कायमचे आले. रिटायर. आमच्या केनवडच्या पोरायनं फाट्यावरून उघडी जीप काढली, डीजे लावला, फेटा बांधला. बॅनरवर फोटो भरतीच्या वेळचा, मिसरूडही नीट फुटलेलं नाही, अन् जीपमधी उभा हा कानशिलावर पांढरा झालेला माणूस. मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी. डोळे भरून आले माहे, त्यात लबाडी नाही. म्हटलं, चला, आता सणावाराले माणूस घरात दिसन, निकिताच्या लग्नाले सुट्टी भेटते का नाही ते पाहाले नको. लय आनंद झाला मले.

तो आनंद पोळ्यापर्यंत पुरला.

आता माह्या खोलीचं सांगते, म्हंजे समजन. रस्त्याकडची बैठक, नावानं ती घराची, पण खरी ती माही. खिडकीजवळ माही मशीन, भिंतीवर खिळ्यायले लटकवलेले ब्लाउज, कोपऱ्यात गाठोडी. लग्न झालं अन् नवरा गेला ड्युटीवर, मंग दिवसभर कराव काय? शिवण शिकली. हळूहळू सारी गल्ली माह्याकडं याले लागली. बाई ब्लाउज टाकाले ये अन् घंटाभर बसे. कोणाची सासू कशी, कोणाचं पोट काहून दुखते, कोणाच्या पोरीले पाहाले कोण आले, सगळं त्या खोलीत. माप घ्यायचं असलं की दार ओढून घेतलं, झालं. पुरुषाचं तिथं कामच नाही. सासरे होते तवा तेही मांगच्या दारानंच ये-जा करत.

अन् फौजीनं आणली एक प्लास्टिकची खुर्ची, ती टाकली ऐन बैठकीच्या दारासमोर. तांबडं फुटायच्या आधी अंघोळ, दाढी, बुटाले पॉलिश, अन् मंग पेपर घेऊन खुर्चीत. ताठ. बाई उंबऱ्याशी आली की हे उठून उभे, "नमस्ते, आइए, बैठिए!" आता मले सांगा, ज्या बाईले काखेत ब्लाउज घट्ट होते हे सांगायचं हाय, ती ह्या मिशीपुढं बसन का? बाई पदर सावरे, म्हणे, "काही नाही, अशीच आली होती," अन् चालली सरळ.

शेजारच्या रंगूकाकूनं मले मांगच्या न्हाणीच्या भिंतीवरून सांगितलं. ह्या रंगूकाकूच्या तोंडाले कधी कुलूप नाही. म्हणे, "तुह्या फौजीले जरा हिंडाफिराले पाठव ना वं. बाया विचारून राह्यल्या, माप द्याले जायचं का सलामी द्याले? त्या स्टँडाजवळच्या रूपालीकडं पाहा जाऊन कशी गर्दी हाय!"

माह्या अंगाचा तिळपापड झाला. महालक्ष्म्या तोंडावर. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हंजे दिवाळीपेक्षा मोठा सण. घरोघरी देवी उभ्या राहतात, गावजेवण होते, अन् प्रत्येक बाईले त्या दिवशी नवं ब्लाउज पायजे म्हंजे पायजेच. वर्षाचं नाव त्या आठवड्यात होते नाहीतर जाते. अन् माह्या खोलीत माशी नव्हती.

सासूले म्हटलं, "आत्या, तुमी सांगा त्यायले." माही सासू गिरजाबाई तशी जीव लावणारी बाई, पण पोराचं नाव निघालं की कोर्टाचा जज. "खबरदार! आयुष्यभर बाहेर उन्हापाण्यात राह्यला तो. आता घरात बसला तं तुह्या पोटात दुखाले लागलं?"

मंग मी आडून सांगाले गेली. म्हटलं, "अहो, वावरात चक्कर मारा ना, सोयाबीन पाहून या." वावर आमचं लखनकडं ठोक्यानं हाय, पेरते तोच, काढते तोच, तिथं त्यायले काय काम? गेले, अन् माहं एक ब्लाउज कापून होत नाही तं वापस. "देख लिया. ठीक है." पुन्हा खुर्ची. नळ दुरुस्त केला, दाराच्या बिजागरीले तेल दिलं, चपला एका रेषेत लावल्या, सैपाकघरातले डबे उंचीनं लावले, त्यात मले हळद सापडेना. खुर्चीत बसले तरी पाय हलत राहे त्यायचा. इकडं माहा पाय मशीनवर. दोघं एका खोलीत, अन् दोघायलेही चैन नाही. मधीच हातभर अंतरावरून विचारत, "सब ठीक?" अन् माह्या तोंडून सवयीनं निघे, "सब ठीक." मनात म्हणो, कायचं ठीक, डोंबल!

तरी माह्या जुन्या बायायनं साथ सोडली नाही. रंगूकाकूच्या हातून मांगच्या दारानं गाठोडी याले लागली. आमचं काम कसं असते, बाई ब्लाउजपीस देते, अस्तर देते, अन् आपलं एक जुनं, अंगाले नीट बसणारं ब्लाउज देते मापासाठी. सगळं एकात एक गुंडाळून गाठ मारलेली. मी वहीत काही लिहीत नाही, गाठोडं हातात घेतलं की बाई कोण ते समजते. अन् मापाच्या ब्लाउजाले बाया पिना लावून देतात. कोणाले दंडात सैल पायजे तं दंडाले पीन. कोणी बाळंतीण होऊन आली तं बगलेले पीन. कोणाले गळा मांगून मोठा पायजे पण सासूसमोर बोलता येत नाही, तं पाठीवर पीन. पीन जिथं, बाईचं म्हणणं तिथं.

त्या दिवशी मी हूक अन् अस्तर आणाले रिसोडले गेली. दुपारच्या गाडीनं वापस आली. घरात पाय टाकला तं फौजी दारात उभे, तोंडावर हसू मावत नाही. इतक्या दिसात पयल्यांदा असा खुश दिसला मले तो माणूस.

"आँखें बंद करो," म्हणे.

मले वाटलं, साडी आणली असन. डोळे उघडले अन् मायबाई! कोपरा साफ. एक गाठोडं नाही. दिवाणावर तीन थप्प्या. एका थप्पीत सगळे नवे कपडे, रंगाप्रमाणं. दुसऱ्या थप्पीत सगळी अस्तरं. तिसऱ्या थप्पीत सगळ्यायची मापाची ब्लाउजं, धुतलेली, उन्हात वाळवलेली, इस्त्री मारलेली, एका मापात घडी केलेली. कडक. इन्स्पेक्शन झालं असतं तं पयला नंबर आला असता.

"कितना गंदा पड़ा था कोने में," म्हणे. "और ये देखो." माह्या हातात डबी दिली. डबीत पिना. सगळ्या बंद केलेल्या, एका बाजूनं तोंड करून. "कपड़ों में रह गई थीं. किसी के हाथ में चुभ जातीं."

मी डबीकडं पाहिलं. थप्पीकडं पाहिलं. अर्ध्या बायायची मापाची ब्लाउजं एकाच मरून कापडाची, मीच शिवलेली. नवे कपडे तं बहुतेक हिरवे, सणाचे. आता ह्यातलं कोणाचं कोणतं? अन् कोणाले कुठं सैल? सण चार दिसांवर. बायायले बोलावून विचाराव तं बाया दारात पाय ठेवत नाही. गेलं माहं नाव. गेलीच खोली.

अन् मंग माहं तोंड सुटलं.

"कोणी सांगितलं होतं तुमाले हात लावाले? कोणी सांगितलं होतं? इतकी वर्सं ही खोली मी उभी केली, एकेक बाई जोडली, अन् तुमी खुर्ची टाकून दारात बसता, एक बाई आत याले तयार नाही! जेवढ्या उरल्या होत्या त्यायचीही वाट लावली आज! पिना काढल्या! अहो पिना नव्हत्या त्या, बोलणं होतं बायायचं!"

सासू आतून धावत आली. "सुचिता! आवाज कोणाशी चढवून राह्यली?"

"आत्या, तुमी आत जा." असं मी सासूले जन्मात कधी म्हटलं नव्हतं. ती गेली पण आत. माह्या तोंडाकडं पाहून गेली असन.

फौजी सावधान उभे. साहेबापुढं उभं राहावं तसे. मंग हळू म्हणाले, "आवाज़ नीची करो."

"नाही करत खाली! आयकू द्या गल्लीले!"

"मंग मी कुठं बसू?"

इतके दिवस हिंदीत बोलणारा माणूस, ते वाक्य मात्र सरळ आपल्या बोलीत आलं.

"सांग ना, कुठं बसू मी? आतल्या खोलीत आई अन् देव. मांगं चूल अन् तुहे डबे. हे तं तुहं दुकान. सुट्टीवर येत होतो तं नवी चादर टाकून देत होते तुमी, मले वाटे, घर हाय माहं. पाव्हणाच होतो. आता समजलं. बापाचं हाड मोडलं होतं, ते मले कोणी सांगितलं, माहीत हाय? लखननं. मी आलो त्याच दिवशी, डीजेपुढं नाचता नाचता. तुमी सगळे मिळून मले वावर, हवा, सब ठीक सांगत राह्यले!"

लाज वाटली मले, वाटाले पायजे होती तेवढी वाटली, पण तोंड थांबेना. "अन् तुमी? तुमी काय खरं सांगत होते? पाठीवर एवढा मोठा वण हाय तुमच्या, कायचा हाय तो? विचारलं तं म्हणे, पडलो. फोनवर तुमीही सब ठीकच म्हणत होते ना? मी एकटीच लबाड?"

ते खाली वाकले. बुटायच्या नाड्या बांधल्या. घाईत एक नाडी तशीच राह्यली. गेले निघून.

मी मशीनपुढं बसून रडली. रागानंच रडली मी, दुसरं काही नाही, असं तवा वाटलं मले.

तेवढ्यात दारात रंगूकाकू. "काय झालं वं?" तिच्या मांगं आणखी दोघीचौघी. फौजीच्या घरी भांडण, ही काय ऐकून घरी बसाची गोष्ट हाय? पाहता पाहता खोली भरली. रंगूकाकूनं पदर खोचला, म्हणे, "मी तं म्हणत होती, ह्या घरात काहीतरी बिघडलेलं हाय, आवाजच नाही येत. आज जीव भांड्यात पडला माहा." मी थप्पीकडं बोट दाखवलं. सगळ्या थप्पीवर वाकल्या, अन् मंग ज्या हसल्या! एकीनं आपलं ब्लाउज उचलून वास घेतला, "माय वं, इस्त्री केली! माह्या नवऱ्यानं आपली बनियन धुतली नाही कधी." दोघी जणी एकाच मरून ब्लाउजावर अडल्या. दार ओढलं, घालून पाहिलं, एकीच्या दंडातच अडकलं ते, निकाल लागला. जिनं तिनं आपलं माप उचललं, आपला कपडा शोधला, डबीतली पीन घेऊन पुन्हा जागच्या जागी लावली. चहा झाला. खुर्ची कोणीतरी भिंतीकडं सरकवली, तिच्यावर अस्तरं ठेवली.

माही खोली मले वापस भेटली होती. मले जे पायजे होतं ते सगळं समोर होतं, बाया, गाठोडी, गलका. अन् मले एक टाका सरळ घालता येईना. सुई दोनदा बोटात गेली. कान सगळा दाराकडं.

"फौजी स्टँडावर दिसले मले," उशिरा आलेली हेमला म्हणाली. ती मळ्यातली भाजी विकून स्टँडावरूनच आली होती. "रिसोडची गाडी आली, गेली. मंग मेहकरकडची आली, गेली. बसूनच होते. मी म्हटलं कोणाची वाट पाहत असन."

मी उठली. चपला पायात घातल्या.

"अवं, माहं माप?" कोणीतरी म्हटलं.

"बसा तुमी. आली मी."

फौजी ड्युटीवर निघाले की बायकोनं उंबरा ओलांडायचा नाही, जाणाऱ्याचा पाय अडते, हाही सासूचाच कायदा. म्हून इतक्या वर्सांत मी कधी त्यायले सोडाले स्टँडावर गेली नव्हती. ते जात, मी खिडकीतून पाहो, अन् मशीन चालू करो. आतल्या दारात सासू उभी होती. मले वाटलं, आता अडवते. तिनं डोळे पुसले अन् म्हणाली, "दुपारचं जेवला नाही तो. लवकर आण."

स्टँडावर सिमेंटच्या बाकड्याच्या टोकावर बसले होते. ताठ नाही, वाकून, गुडघ्यावर कोपरं टेकून. एक नाडी सुटलेलीच. बाजूले पानटपरीवर चार माणसं, सगळ्यायचे डोळे आमच्याकडं. गेले उडत, म्हटलं. जाऊन पुढं उभी राह्यली.

"इथं काहून बसले?"

त्यायनं वर पाहिलं नाही. "इथं कोणी उठ म्हणत नाही."

बोलायचं लय होतं, पण टपरीवरच्या माणसायसमोर मले रडायचं नव्हतं. म्हून मंग मी भांडलीच.

"मी म्हणून राह्यली ना! उठा. भांडण अर्धं टाकून कोणी येते का असं?"

"काय राह्यलं आता?"

"खोलीचं राह्यलं. चला घरी."

"खोली तुही," ते म्हणाले. "मी कुठंही बसन."

"असं नाही चालत. कुठंही म्हंजे कुठं? सांगा, कुठं बसाचं तुमाले?"

त्यायनं सुटलेल्या नाडीकडं पाहिलं. मले वाटलं, आता म्हणतात, सब ठीक. तसं म्हणाले असते तं मी तिथंच डोकं आपटून घेतलं असतं.

"खिडकीजवळ," ते म्हणाले.

"खिडकीजवळ मशीन हाय. मले उजेड लागते."

"मशीन सरकवता येते."

"मशीन सरकणार नाही! अन् बाया आल्या की तुमी आत जायचं."

"किती वेळ?"

"बाया जाईपर्यंत."

"त्या कधी जातात?"

"मले काय विचारता? त्यायच्या मनानं जातात."

"हे चूक हाय." आता त्यायनं मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाज चढला होता. "हे साफ चूक हाय. माह्या बापाचं घर हाय ते. खिडकी मले पायजे. सकाऊन पेपर वाचाले तरी पायजे."

टपरीवरचे पान खायचं विसरले. मले इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

"हातभर सरकवते मशीन," मी म्हटलं. "जास्त नाही."

"दोन हात."

"हातभर म्हटलं ना!"

"दोन," म्हणाले फौजी, अन् उठले. वाकून नाडी बांधली, अन् भर बाजारातून, दोन हात, दोन हात करत, माह्या मांगं चालाले लागले.